मालवणचा किनारा आणि मराठवाड्यातील आपण

श्रोतेहो, निलंगा तालुक्यातील एखाद्या शाळेत जाऊन सातवी-आठवीच्या वर्गाला विचारा, "समुद्र कोणी कोणी पाहिला आहे?" चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच हात वर होतील. एखादा मुलगा दूरदर्शनवर पाहिल्याचे सांगेल, एखादी मुलगी मामाकडे मुंबईला गेले होते म्हणेल. बाकीची पोरे गप्प. यात मुलांचा काही दोष नाही. आपण राहतो ते पठारावर. काळी जमीन, तुरीची आणि सोयाबीनची शेते, उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी, हा आपला रोजचा देखावा. समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक लांब. तेव्हा मुले जर म्हणाली, "सर, समुद्राचा न् आपला काय संबंध?" तर त्यांना रागावून भागणार नाही. उत्तर दिले पाहिजे. आजच्या भाषणात तेच उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयातील तीस-बत्तीस विद्यार्थी घेऊन मालवणला गेलो होतो. सहल इतिहास विषयाची. सोलापूर, कोल्हापूर करीत रात्रभर प्रवास झाला आणि पहाटे गाडी घाट उतरू लागली. डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी माती दिसू लागली, तेव्हा एक विद्यार्थी खिडकीतून डोके काढून म्हणाला, "सर, ही तर आपल्या खरोशाची माती!" मी क्षणभर गप्प झालो, कारण पोरगा बरोबर बोलत होता. कोकणात घरे बांधतात ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी. आणि आपल्याजवळची खरोशाची लेणी कोरली आहेत तीही जांभ्यातच. शेजारच्या बिदरचा किल्लाही जांभ्याचा. दगडाने तरी दोन मुलुखांची ओळख आधीच करून ठेवलेली होती. माणसांनीच ती विसरली.

मालवण हे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ऑगस्ट १९८२ मध्ये, आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणजे हे दोन जिल्हे वयाने जवळजवळ बरोबरीचेच. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर पाण्यात एक काळसर, लांबच लांब तट दिसतो. तोच सिंधुदुर्ग. धक्क्यावरून होडीत बसले की दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोचता येते. आमच्या मुलांनी होडीच्या काठाला असे घट्ट धरले होते की तांडेलाला हसू आवरेना. मी हसलो नाही, कारण माझीही मूठ तशीच वळलेली होती.

आता या किल्ल्याचा इतिहास पाहू. शिवाजी महाराजांचे राज्य प्रथम उभे राहिले ते डोंगरात. पुढे उत्तर कोकण हाती आले, कल्याण-भिवंडी आली, तेव्हा महाराजांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. किनारा आपला, पण किनाऱ्यापुढचे पाणी परक्यांचे. जंजिऱ्याचा सिद्दी केव्हाही येऊन किनाऱ्यावरची गावे लुटत असे, माणसे धरून नेत असे. गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, इंग्रजही आसपास. जमिनीवर कितीही घोडदळ असले तरी घोडा पाण्यावर चालत नाही. म्हणून महाराजांनी गलबते बांधली आणि त्या आरमाराला आसरा म्हणून जलदुर्ग बांधले. मालवणच्या समोरचे कुरटे बेट त्यांनी निवडले ते याच हिशोबाने. बेटाभोवती पाण्यात बुडालेले खडक आहेत. वाट माहीत नसणाऱ्याचे जहाज त्यावर आपटून फुटणार, आणि वाट माहीत असलेला कोळी डोळे झाकून आत येणार. शत्रूला अडथळा आणि आपल्याला कुंपण, असे ते निसर्गाचे काम आहे.

बांधकामाचा मुहूर्त झाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नावाचा एक खडक आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. पायाभरणीची पूजा तेथे झाली असे तेथील लोक सांगतात. काम तीन वर्षे चालले आणि १६६७ च्या सुमारास किल्ला पुरा झाला. बांधकामावर हिरोजी इंदुलकरांची देखरेख होती असे परंपरा सांगते. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर. शेतकरी श्रोत्यांना हा आकडा लगेच डोळ्यांपुढे येईल. एखाद्या बऱ्या शेतकऱ्याची जमीन सोडा, दहा-बारा कुटुंबांची जमीन एकत्र केली तर जेवढी होईल तेवढे हे बेट. त्याच्या कडेकडेने नागमोडी वळणे घेत सुमारे दोन मैलांचा तट फिरतो. उंची तीस फुटांच्या आसपास आणि रुंदी इतकी की वरून माणसे सहज ये-जा करतील. दरवाजा मात्र दुरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की होडी अगदी पायथ्याशी गेल्यावरच सापडतो.

किल्ल्याचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला कर्नाटकातील बसरूर बंदरावर गेले. स्वतः महाराज गलबतात बसून स्वारीला गेल्याचा हा प्रसंग. आपल्या पाठ्यपुस्तकात घोड्यावरच्या महाराजांचे चित्र असते, आणि ते योग्यच आहे. पण शिक्षकांनी मुलांना हेही सांगावे की हा राजा गलबताच्या फळीवरही उभा राहिला होता. किल्ल्यात राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूर्तीच्या डोक्यावर नेहमीचा जिरेटोप नाही, नाविकांच्या टोपीसारखी टोपी आहे. कोकणच्या माणसाने आपल्या राजाला आपल्यासारखाच दर्यावर्दी करून ठेवले.

पण खरे सांगू का मंडळी, आमच्या मुलांना या सगळ्याहून अधिक चकित केले ते तीन विहिरींनी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. चारही बाजूंना खारे पाणी, आणि बेटाच्या पोटात गोडे. एका मुलाने पोहऱ्यातले पाणी ओंजळीत घेऊन चाखले, पुन्हा चाखले आणि मला विचारले, "सर, इथं पाणी गोड कसं काय?" लातूरच्या मुलाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीतून लातूर शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ते दिवस या मुलांनी घागरी घेऊन रांगेत काढलेले. त्यांना पाण्याची किंमत पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून मुरलेले पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. विहीर बेताची खोल घेतली आणि उपसा बेताने केला तर गोडे पाणी मिळत राहते. हाव धरून उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. किल्ला बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. तोफा कितीही असोत, वेढ्यात किल्ला पडतो तो बहुधा तहानेने. जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि आपल्या औशाच्या भुईकोटात बावड्या आहेत, त्या याच शहाणपणाच्या. ही गोष्ट मी मुलांना तेथे सांगितली तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे सर, आपल्या विंधनविहिरींचं पण असंच झालं की. खोल खोल जात बसलो." तेवढ्या एका वाक्यासाठी सहलीचा सगळा खर्च वसूल झाला असे मला वाटले.

किल्ल्याच्या तटाला लागून एक लहानशी पुळण आहे. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. हा शब्द आपल्याकडे नाही, कारण ती वस्तूच नाही. तिला राणीची वेळा म्हणतात आणि ताराराणी येथे येत असे सांगतात. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि देवबागच्या मोठ्या पुळणी आहेत. देवबाग ही तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी मधली चिंचोळी पट्टी. टोकाशी नदी समुद्राला मिळते. आणखी खाली गेले की निवतीचा किल्ला, वेंगुर्ला, आणि वेंगुर्ला तालुक्यातच शिरोडे. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून शिक्षक होते. खेड्यातील एका शाळामास्तराने पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला, हे माझ्या शिक्षक बंधु-भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

या किनाऱ्यावर पूर्वी सर्रास दिसे ती रापण. रापण म्हणजे मोठे जाळे. होडीतून ते अर्धगोल टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आपल्याकडील खळ्यावरची वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. यांत्रिक बोटी आल्यापासून रापणीचे दिवस गेले, तरी काही ठिकाणी ती अजून लागते. १९८७ पासून मालवणजवळच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्राला सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण आहे. तेथील पाण्याखाली प्रवाळ आहेत. नव्या काळातील प्रवासी नळकांड्यातून श्वास घेत ते पाहायला बुडी मारतात.

सिंधुदुर्गाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. किल्ला पुढे कोल्हापूरच्या गादीकडे गेला. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला आपल्या पसंतीचे फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पण तो ठेवणे त्यांना परवडेना, म्हणून पैसे ठरवून घेऊन पुढल्याच वर्षी परत केला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. फोर्ट ऑगस्टस हे नाव आज कोणाला आठवत नाही. सिंधुदुर्ग हे नाव जिल्ह्याला मिळाले. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात सिंधुदुर्ग आहे.

असे समुद्रातले किल्ले जगात इतरत्रही आहेत. ग्रीस देशाच्या क्रीट बेटाला लागून स्पिनालोंगा नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे व्हेनिसच्या लोकांनी १५७९ साली किल्ला बांधायला घेतला. क्रीटची राजधानी १६६९ साली, म्हणजे सिंधुदुर्ग पुरा झाल्यावर दोन वर्षांनी, तुर्कांच्या हाती पडली. स्पिनालोंगा मात्र १७१५ पर्यंत टिकून राहिला. विसाव्या शतकात १९०३ पासून १९५७ पर्यंत तेथे कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवीत. आता तेथे कोणी राहत नाही. प्रवासी होडीने येतात, ओस घरे पाहतात आणि संध्याकाळी परत जातात. आपला सिंधुदुर्ग मात्र ओस पडला नाही. काही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या तेथे राहत आली आहेत. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद होतात आणि बेट पुन्हा त्यांचे एकट्याचे होते. तेथे जाणाऱ्याने हे विसरू नये की आपण कोणाच्या तरी अंगणात आलो आहोत. तटावर खिळ्याने आपले नाव कोरणारा माणूस दुसऱ्याच्या घराची भिंत खरवडत असतो.

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्राचा आणि आपला काय संबंध?

आपल्या तालुक्यातून तेरणा वाहते आणि मांजरेला मिळते. याच तेरणेच्या काठी, वरच्या अंगाला, धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण त्याला ओळखतो. पण सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक दर्यावर्द्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, त्यात या गावाचे नाव आहे. त्याने त्याला तगर म्हटले आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे, आणि तेथून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला येते, असे तो लिहितो. त्याच पुस्तकात कल्याण आणि चौल या कोकणच्या बंदरांचीही नावे आहेत. विचार करा. तेरणेकाठच्या कोष्ट्याने विणलेले कापड बैलगाडीने समुद्रावर जात होते आणि तेथून गलबतात बसून ग्रीक आणि रोमन लोकांच्या मुलुखाला. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत रोमन धर्तीच्या वस्तू सापडल्या. तेथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. तेरच्या वस्तुसंग्रहालयात हा ठेवा आहे. निलंग्याहून तेर एका दिवसात पाहून परत येता येते.

म्हणजे समुद्राशी आपली ओळख नव्हती असे नाही. ती तुटली. व्यापाराच्या वाटा बदलल्या, राज्ये बदलली. १७६६ च्या तहाने निजामाने पूर्व किनाऱ्याचा मुलूख इंग्रजांना दिला आणि पुढे ज्या राज्यात आपण होतो त्या राज्याला समुद्रच उरला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि मराठवाडा व कोकण एका राज्यात आले. १९६० पासून हा किनारा महाराष्ट्राचा, म्हणजे आपलाही आहे. पण मनातले अंतर कायद्याने मिटत नाही.

हे अंतर कधी कधी जिवावर बेतते, म्हणून शेवटची गोष्ट जरा स्पष्ट सांगतो. देवबागला आम्ही दुपारी गेलो तेव्हा ओहोटी होती. मुलांनी चपला आणि पिशव्या ओल्या वाळूवर ठेवल्या. मी समुद्राकडे पाठ करून, मुलांसमोर उभा राहून, नदी आणि समुद्राच्या संगमावर व्याख्यान देऊ लागलो. पाऊण तासाने मागे पाहतो तो पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेले आणि निम्म्या चपला तरंगत चाललेल्या. मुले हसत पुढे धावली. तेवढ्यात एका म्हाताऱ्या कोळ्याने जोराने हाक मारून त्यांना थांबवले आणि मला म्हणाला, "मास्तरांनू, दर्याक पाठ दाखवू नकात." त्या दिवशी बारा-तेरा जोड चपला गेल्या, मुले राहिली. सगळ्यांचे नशीब असे नसते. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. २०१७ साली मालवणजवळच वायरीला बेळगावकडून सहलीला आलेले आठ जण गेले. भीमा-मांजरेच्या डोहात पोहणाऱ्याला वाटते, आपल्याला पोहता येते. पण नदी एका दिशेला ओढते. समुद्र लाटेने आत ढकलतो आणि परतीच्या पाण्याने बाहेर नेतो.

आपल्या शेतकरी श्रोत्यांना तिथी पाठ असते. कोळ्यांचे भरतीचे गणितही तिथीवरच चालते. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ठिकाणाप्रमाणे थोडाफार फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. एवढे गणित फळ्यावर शिकवून मग सहल काढावी. हिवाळ्यात जावे. गावच्या माणसाला विचारल्याशिवाय एकाही मुलाला पाण्यात उतरू देऊ नये, आणि होडीत जीवरक्षक जाकीट घातल्याविना बसू नये. मास्तरांनी तर मुळीच समुद्राकडे पाठ करून व्याख्यान देऊ नये.

शिक्षक बंधूंनो, ज्यांना मालवण दूर पडेल त्यांनी निदान तेरला जावे. नदीच्या काठी उभे राहून मुलांना सांगावे की हे पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी समुद्राला. पूर्वीचे आपले लोक गाड्या जुंपून पश्चिमेच्या समुद्राला जात होते. आमचा तो विद्यार्थी आता एका खेड्यात शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचे पत्र आले. त्याने आपल्या शाळेची चोवीस मुले मालवणला नेली होती. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, "सर, सगळ्यांनी साखरबावीचं पाणी चाखलं. चोवीस नेली, चोवीस परत आणली. चपलाही."